रंगीत शाईपेन घेताना: रंग कुठे आहे ते आधी बघा

रंग बघूनच शाईपेन घ्यावंसं वाटतं आणि त्यात गैर काहीच नाही. जे पेन डोळ्यांना आवडतं तेच हातात येतं, बाकीची डब्यात पडून राहतात. पण तुलना करताना आपण बहुतेक वेळा छटेपाशीच अडकतो: हा निळा घेऊ की तो मोरपिशी? माझं सांगणं आहे की छटा ठरवण्याआधी तो रंग पेनात नेमका कुठे आहे ते बघावं. तो अंगभर मुरलेला आहे, वरून चढवलेला आहे, की आत दिसणाऱ्या शाईचाच आहे? पेनाचं वजन, त्याचं आयुष्य, शाई भरायची पद्धत आणि खिशात ते कितपत टिकेल, हे सगळं बऱ्याच अंशी या एका उत्तरावर ठरतं.

रंग आणि पेन बनवण्याचं साहित्य यांची ही गाठ जुनी आहे. सुरुवातीच्या काळातली शाईपेनं मुख्यतः एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत आणि बहुतेक काळीच असत. पार्करने 1921 साली ड्युओफोल्ड नावाचं लालभडक पेन आणलं, तेही एबोनाइटचंच होतं आणि लाल एबोनाइट काळ्यापेक्षा ठिसूळ असे. 1924 मध्ये शेफरने सेल्युलॉइडची, म्हणजे एका सुरुवातीच्या प्लास्टिकची पेनं बाजारात आणली, त्यांचा हिरवा जेड रंग गाजला आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्या सेल्युलॉइडकडे वळल्या. 1926 मध्ये ड्युओफोल्डसुद्धा. नवं साहित्य आलं तेव्हाच नवे रंग आले. आजही दुकानातल्या रंगीत रांगेकडे बघताना हे लक्षात असू द्यावं.

पहिली पायरी: पेन राहणार कुठे?

टेबलावर, पिशवीतल्या पेनदाणीत, शर्टाच्या खिशात की पँटच्या? सलग पानंच्या पानं लिहायची आहेत की उभ्या उभ्या दोन ओळी? या दोन प्रश्नांची उत्तरं आधी कागदावर लिहून ठेवा. पँटच्या खिशात राहणाऱ्या पेनाला घट्ट टोपण आणि ओरखडे सोसणारं अंग लागतं. रोज चार पानं लिहिणाऱ्या हाताला योग्य लांबी आणि भरपूर शाई लागते. दोन्ही एकाच पेनात हवं असेल तर पर्याय झटकन कमी होतात, आणि ते बरंच आहे.

दुसरी पायरी: रंग कुठे आहे?

*अंगातच रंग असलेलं प्लास्टिक.* लामी सफारी (1980 पासून), कावेको स्पोर्टची साधी मॉडेलं, पायलट काकुनोची टोपणं ही सगळी या गटात येतात. रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी खालून दुसरा रंग डोकावत नाही. चकचकीत पृष्ठभाग काही महिन्यांत बारीक रेघांनी मंद होतो, मॅट पृष्ठभाग उलट जास्त हाताळलेल्या जागी गुळगुळीत आणि चमकदार होत जातो. पांढरी आणि फिकट रंगाची पेनं शाईचे डाग लवकर दाखवतात, विशेषतः पकडीपाशी. गडद शाई वापरणाऱ्यांनी फिकट पेन घेताना पकडीचा भाग तरी वेगळ्या रंगाचा आहे का ते बघावं.

*अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम.* लामी एएल-स्टार, कावेको एएल स्पोर्ट. यात धातूवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा पातळ, सच्छिद्र थर तयार करतात, त्या छिद्रांत रंग शोषला जातो आणि मग ती छिद्रं बंद करतात. हा रंग सहजासहजी खरवडत नाही, पण थर पातळच असतो. कडांवर आणि टोपण मागे खोचतो तिथे कालांतराने खालची रुपेरी धातू दिसू लागते. काहींना हे झिजलेलं रूप मनापासून आवडतं. ज्यांना पेन नव्यासारखंच हवं असतं त्यांनी मात्र हा गट टाळावा. एक गोष्ट घेतानाच तपासायची: टोपण आणि नळी यांची छटा खिडकीपाशी धरून जुळते का? वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी रंगवले गेले तर उन्हात फरक कळतो, दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही.

*धातूवर चढवलेलं लाखेसारखं लुकण किंवा रंग.* पितळेवर रंगाचे थर दिलेली पेनं वजनदार असतात आणि त्यांचा रंग खोल, तेजस्वी दिसतो. टेबलावर ती शोभून दिसतात. किल्ल्यांच्या खिशात मात्र टवका उडू शकतो, आणि उडालेला टवका झाकता येत नाही.

*अ‍ॅक्रिलिक आणि ओतीव रेझिन.* लाटा, ढग, मोत्यासारखी झाक असे खेळ इथे मिळतात. कांडीवरून पेन कातून काढत असल्यामुळे एकाच मॉडेलची दोन पेनं हुबेहूब सारखी नसतात. म्हणून ज्या पेनाचं चित्र बघितलंत तेच पेन मिळणार का, हे विक्रेत्याला आवर्जून विचारा. या गटाला उंचीवरून पडणं सोसत नाही. पातळ भिंतीच्या टोपणाच्या कडेला तडा जाण्याची भीती सगळ्यात जास्त.

*सेल्युलॉइड आणि एबोनाइट.* सेल्युलॉइडची खोली दुसऱ्या कशात नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण ते ज्वलनशील आहे, उष्णतेने वाकतं आणि जुन्या फिकट रंगांच्या पेनांत आतल्या रबरी पिशवीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूने नळी तपकिरी पडते. जुनं जेड पेन घेताना टोपण आणि नळी शेजारी शेजारी धरा. टोपण हिरवं आणि नळी मधासारखी पिवळट असेल तर कारण हेच, आणि हा बदल मागे फिरवता येत नाही. अंगावर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते पेन सोडून द्यावं. एबोनाइट हाताला ऊबदार लागतं, वजनाला हलकं असतं, पण ऊन आणि पाणी यांनी त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट होतो.

*पारदर्शक पेनं.* इथे रंग शाईचा. ट्विस्बी इको, प्लॅटिनम प्रेपी, काकुनोचं पारदर्शक मॉडेल. शाई बदलली की पेन बदललं. रंगाची आवड असणाऱ्यासाठी याहून समाधानाची गोष्ट नाही. मात्र काही लाल, गुलाबी आणि जांभळ्या शाया प्लास्टिकवर कायमची झाक सोडून जातात. स्वच्छ पारदर्शक पेनात आधी अशी शाई टाकून ठेवू नका. हवीच असेल तर त्याच रंगाच्या जवळपासचं रंगीत पारदर्शक पेन घ्या, म्हणजे झाक राहिली तरी खटकणार नाही.

तिसरी पायरी: खिशातल्या पेनाचं माप

मोठ्या हाताच्या माणसाला छोटं पेन चालत नाही, हा समज पुरता खरा नाही. खिशातली बहुतेक चांगली पेनं बंद असताना छोटी आणि लिहिताना मोठी होतात. टोपण मागे खोचलं की लांबी पूर्ण होते. कावेको स्पोर्ट बंद असताना सुमारे 10.5 सेंटीमीटर असतं, टोपण मागे लावल्यावर सुमारे 13.3. साधं पूर्ण आकाराचं पेन बंद असताना 13.5 ते 14 सेंटीमीटरच्या आसपास असतं, म्हणजे हातात फरक थोडाच उरतो. कावेको लिलिपुट त्याहून लहान आणि खूप बारीक आहे. त्याचं टोपण मागच्या बाजूला आट्यांवर फिरवून बसवावं लागतं.

दुसरी रीत जपानी. 1960 च्या दशकात तिथे आखूड नळी आणि लांबलचक टोपण अशी खिशातली पेनं लोकप्रिय झाली. बंद असताना जवळजवळ सगळं टोपणच दिसतं, उघडून मागे खोचलं की पूर्ण पेन तयार. पायलट ई95एस हे आजही मिळणारं त्याच घराण्यातलं पेन: बंद असताना सुमारे 12 सेंटीमीटर, 14 कॅरेट सोन्याची निब आणि घट्ट सरकून बसणारं टोपण. 1971 चं पायलट म्यू 701 मध्ये तर पकड आणि निब पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवली होती. जुन्या बाजारात ते नजरेस पडलं तर निब वाकलेली नाही ना, हे भिंगातून बघा, कारण तिथे निब बदलायची सोय नाही.

तिसरा प्रकार नुसत्या लहान केलेल्या पेनांचा. पेलिकन एम300 किंवा ट्विस्बी डायमंड मिनी ही मोठ्या भावंडांची लहान मापं आहेत.

माप आपल्याला जमेल का, हे घरबसल्या तपासता येतं. एक पेन्सिल घ्या, टोकापासून 10 सेंटीमीटरवर आणि 13 सेंटीमीटरवर खुणा करा. नेहमीसारखी धरून लिहा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या खळगीत पेन्सिल कुठे टेकते ते बघा. ती जागा 10 च्या आतच असेल तर टोपण न लावताही छोटं पेन चालेल. 10 आणि 13 च्या मध्ये असेल तर टोपण मागे लावूनच लिहावं लागेल. 13 च्या पुढे असेल तर खिशातलं पेन फक्त टिपणापुरतं घ्या.

टोपण मागे लावणं भाग असलं की टोपणाचं वजन महत्त्वाचं होतं. प्लास्टिकचं कावेको स्पोर्ट जेमतेम 10 ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचं त्याच्या साधारण दुप्पट, पितळेचं 40 ग्रॅमच्या वर. आकार एकच, पण तीन पेनं हातात तीन वेगळ्या वृत्तीची वाटतात. रंगीत हवं आणि बरंच लिहायचं असेल तर माझं मत प्लास्टिककडे झुकतं. खिशात रोज राहायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियमकडे.

चौथी पायरी: टोपण

खिशातल्या पेनासाठी आट्यांचं टोपण सर्वात निर्धास्त. आपोआप उघडत नाही. दाबून बसणारं टोपण झटकन उघडतं, पण जोरात ओढलं तर आत क्षणभर पोकळी तयार होऊन निबेतून शाई टोपणात ओढली जाते. टोपण उघडल्यावर पकडीवर शाई दिसते ती बरेचदा गळती नसून ही ओढ असते. हळू, किंचित फिरवत उघडलं की त्रास कमी होतो.

टोपण हवाबंद आहे का, हे निबेइतकंच महत्त्वाचं. प्लॅटिनमने प्रेपीसारख्या साध्या पेनातही आत स्प्रिंगवर दाबून बसणारं छोटं टोपण दिलं आहे, त्यामुळे महिनोन्‌महिने न वापरलं तरी निब कोरडी पडत नाही. चार-पाच रंगांची पेनं आलटून पालटून वापरणाऱ्याने हा गुण सगळ्यात वर ठेवावा. एकच पेन रोज वापरत असाल तर त्याची एवढी चिंता नको.

क्लिप बघायला विसरू नका. कावेको स्पोर्टला क्लिप नसते, वेगळी घेऊन सरकवावी लागते, आणि ती सारखी काढली-घातली तर टोपणाच्या रंगावर रेघ उठते. क्लिप नसलेलं पेन टेबलावरून घरंगळतं, म्हणून अष्टकोनी किंवा षटकोनी टोपणाला अर्थ आहे.

पाचवी पायरी: शाई किती आणि कशी

लहान पेनात शाई कमी मावते, हे गणित टळत नाही. आंतरराष्ट्रीय मापाच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे शाई भरून मिळणाऱ्या आयत्या नळकांडीत, साधारण 0.8 मिलिलिटर शाई असते, लांब कार्ट्रिजमध्ये जवळपास दुप्पट. कावेको स्पोर्टमध्ये छोटंच बसतं. त्याचा कन्व्हर्टरही (कार्ट्रिजच्या जागी बसणारी, बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी) इवलासा असतो आणि कार्ट्रिजपेक्षा कमी शाई घेतो. म्हणून बाटलीतली शाई वापरायची असेल तर रिकामं कार्ट्रिज सिरिंजने पुन्हा भरणं हा तिथे जास्त व्यवहारी मार्ग.

मोठ्या कंपन्यांपैकी लामी, पायलट, सेलर, प्लॅटिनम आणि पार्कर यांची कार्ट्रिजं आपापल्या मापाची असतात, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची रंगीत पेनं जमवायची असतील तर हे आधी ठरवा, नाहीतर प्रत्येकासाठी वेगळा साठा ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय मापाच्या पेनांत शाईच्या रंगांची निवड कितीतरी मोठी.

पिस्टनचं, म्हणजे मागचं टोक फिरवून बाटलीतली शाई थेट नळीत ओढून घेणारं ट्विस्बी इको साधारण पावणेदोन मिलिलिटर शाई घेतं. खिशात आखूड पेन नको असेल आणि रंग दिसायला हवा असेल तर हे मला फार समतोल पेन वाटतं.

पूर्ण प्लास्टिकच्या काही पेनांची नळीच थेट ड्रॉपरने भरता येते. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं, नळी भरायची, घट्ट फिरवायची. इथे रंग कुठे आहे हा प्रश्न पुन्हा समोर येतो: अर्धपारदर्शक प्लास्टिक असेल तर आतली शाई उठून दिसते, धातूची नळी असेल तर हा प्रयोग करूच नये, शाईने धातू आतून गंजते. नळीला मागे भोक किंवा सांधा असेल तरीही नको. आणि अशा पेनात शाई अर्ध्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब ढकलते. म्हणून खिशात ठेवायच्या पेनाला कार्ट्रिजच बरं. ड्रॉपरचं पेन टेबलावर असू द्या, किंवा अर्ध्यावर आलं की लगेच भरा.

सहावी पायरी: निब

इथे थोडक्यात सांगतो, कारण निबेवर वेगळा लेख लागेल. जपानी कंपन्यांची बारीक निब युरोपीय बारीक निबेपेक्षा ठळकपणे बारीक असते. जपानी मध्यम ही साधारण युरोपीय बारीकच्या जवळ जाते. देवनागरी लिहिताना शिरोरेघ, वेलांट्या आणि जोडाक्षरं दाटीवाटीने येतात, त्यामुळे लहान अक्षर काढणाऱ्याला जपानी बारीक किंवा युरोपीय अतिबारीक निब सोयीची पडते. पण शाईची छटा, तिच्यातला गडद-फिका खेळ बघायचा असेल तर रुंद निबेला पर्याय नाही. रंगीत शाईसाठी रंगीत पेन घेत असाल तर निदान मध्यम निब तरी घ्या.

लामी सफारी आणि एएल-स्टार यांच्या निबा एकमेकांत बदलता येतात. चिकटपट्टी लावून सरळ पुढे ओढली की निघते. म्हणजे दर वर्षी येणाऱ्या खास रंगांपैकी एखादा फक्त नकोशा जाडीत शिल्लक असेल तरी घाबरायला नको. काळ्या मुलाम्याची निब गडद पेनावर सुंदर दिसते, फक्त टोकाशी शाई आणि घर्षणाने तो मुलामा फिका पडू शकतो.

सातवी पायरी: समोरासमोर तुलना

यादी दोन किंवा तीन पेनांवर आणा. त्याहून जास्त पेनं एकत्र पारखली की हाताला फरक कळेनासा होतो. सगळ्यांत एकच शाई, एकाच वहीचा कागद. प्रत्येक पेनाने तोच परिच्छेद लिहा, किमान अर्धं पान. पहिल्या दोन ओळींत सगळीच पेनं छान वाटतात. बोटांवर ताण, पकडीच्या कडेचा बोचरेपणा, टोपण मागे लावल्यावर होणारी डुगडुग, हे सगळं पान अर्धं झाल्यावर कळतं. सफारीची तिकोनी पकड काही बोटांना वळण लावते आणि काहींना जाचते. हे वाचून ठरत नाही, धरूनच ठरतं.

मग पेनं टोपण लावून, निब वर करून दोन-तीन दिवस ठेवा. पुन्हा उघडल्यावर पहिला शब्द कुठल्या पेनाने न अडखळता उमटवला, ते नोंदवा. खिशातल्या पेनासाठी आणखी एक चाचणी: कागदी रुमालात गुंडाळून दिवसभर खिशात वागवा आणि संध्याकाळी रुमालावर डाग आहे का बघा.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर एकाच पेनाची वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या उजेडात काढलेली चित्रं शोधा. मोरपिशी, जांभळट निळा आणि कोरल हे रंग कॅमेऱ्यात सर्वात जास्त फसतात. कंपनीच्या चित्रापेक्षा खिडकीपाशी काढलेलं साधं चित्र खरं बोलतं. त्यात पांढरा कागद शेजारी असेल तर उत्तमच, कागद पिवळा दिसत असेल तर पेनाचा रंगही तितकाच पिवळा झुकलेला समजा.

खास आवृत्तीच्या रंगाबद्दल एक मत. तो रंग आवडला असेल आणि पेन हाताला बसत असेल तर थांबू नका, कारण असे रंग परत येतीलच असं नाही. सफारीचे 1980 चे सावाना आणि टेराकोटा हे पहिले रंग 2021 मध्ये पुन्हा आले, पण त्यासाठी 40 वर्षांहून जास्त काळ जावा लागला. मात्र ज्या मॉडेलची पकडच आपल्याला जाचते, त्याचा रंग कितीही दुर्मीळ असला तरी ते पेन पडून राहणार.

पेन घरी आल्यावर

पहिल्यांदा शाई भरण्याआधी कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून पेन आतून धुवा, मग साध्या पाण्याने. कारखान्यातला तेलकट अंश निघून गेला की निब नीट वाहू लागते. गरम पाणी आणि स्पिरिट वापरू नका, अ‍ॅक्रिलिक आणि सेल्युलॉइड दोन्हीचं त्याने नुकसान होतं. रंगीत पेनं उन्हाच्या खिडकीत मांडून ठेवू नका. चमचमत्या कणांची शाई आखूड पेनात भरू नका, कण तळाशी बसतात आणि लहान जिभलीत, म्हणजे निबेखालच्या शाई पुढे नेणाऱ्या भागात, अडकतात. अशा शाईसाठी सहज उघडून धुता येणारं मोठं पेन ठेवा.

विमानात पेन न्यायचं असेल तर पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, आणि निब वर ठेवा. हवेचा दाब कमी झाला की फुगते ती पेनातली हवा, म्हणून आत हवा जितकी कमी तितकी शाई बाहेर येण्याची शक्यता कमी. खिशातलं छोटं पेन इथे फायद्यात: नवं कार्ट्रिज विमानातून उतरल्यावर लावता येतं, तोवर ते रिकामंच राहू द्या.